बॅटरीच्या आतली वाट

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



माझं गाव कळंब. नेरळ स्टेशनात उतरून कळंबच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि आत डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर-कातकरी मंडळींच्या वाड्या दिसतात. मी आयुष्यभर मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. पण सुट्टी लागली की पाय गावाकडे वळायचे. पावसाळ्यात तिथली वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसे. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी वर्गणी काढून एका वाडीत सौर कंदील दिले. दिवसभर उन्हात ठेवायचा आणि रात्री पाच तास उजेड मिळवायचा, असा हिशेब.

पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यात उजेड दोन तासांवर आला. तिसऱ्या वर्षी कंदील नुसता मिणमिणायला लागला. वाडीत एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांची नात तेव्हा दहावीला होती. त्यांनी तो कंदील आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बाई, बॅटरी मेली. पण मला एक सांगा, हिच्या आत नक्की मेलं काय? काही सांडलं नाही, काही जळलं नाही, वजनही तेवढंच आहे."

खरं सांगते, इतकी वर्षं वर्गात बॅटरी शिकवून मला त्या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. "जुनी झाली" असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आज जे सांगणार आहे, ते मामांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे. १९२२ पासून ते चालू आहे. वरच्या तलावातलं पाणी नळांतून खाली झेपावतं आणि वीज देतं. समजा, हेच पाणी आपण पंपानं पुन्हा वर चढवलं, तर वीज साठवल्यासारखंच झालं. बॅटरी हेच करते; फक्त तिच्यात पाण्याऐवजी आयन असतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. आजच्या मोबाइलमध्ये, कंदिलात, विजेवर चालणाऱ्या अनेक रिक्षांत हे आयन बहुधा लिथियमचे असतात. चार्जिंग करताना ते धन बाजूच्या पदार्थातून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये, म्हणजे पेन्सिलीच्या शिशासारख्या कार्बनमध्ये जाऊन बसतात. दिवा लावला की ते परत येतात. तेवढ्याच वेळात बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात आणि आपल्याला उजेड मिळतो.

हे ऐकायला सोपं आहे. पण धन बाजूचा तो पदार्थ घन आहे. त्यात अणू ओळीत, थरावर थर रचल्यासारखे बसलेले असतात. अशा दाट वस्तीतून एखादा आयन वाट काढतो तरी कशी?

संध्याकाळच्या कर्जत लोकलचा अनुभव असलेल्यांना हे लगेच कळेल. डबा खच्चून भरलेला असला की कोणी इंचभरही सरकू शकत नाही. पण एक माणूस उतरला, की शेजारचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या जागी तिसरा, आणि ती एक मोकळी जागा डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करते. स्फटिकातही तसंच होतं. जिथं अणू असायला हवा तिथं तो नसतो, अशा जागा प्रत्येक स्फटिकात असतात. शास्त्रज्ञ त्यांना दोष म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये आयन आपली जागा सोडून मधल्या फटीत कसा जातो हे मांडलं. १९३० मध्ये जर्मनीत वॅग्नर आणि शॉटकी यांनी रिकाम्या जागांचं गणित मांडलं. गंमत अशी, की हे दोष नसते तर बॅटरी चाललीच नसती. अगदी निर्दोष, ठासून भरलेल्या स्फटिकात आयनांना हलायला वावच उरत नाही.

आता वाटेचा प्रश्न. आमच्याकडून खांडसला गेलं की तिथून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा आहेत. शिडीचा घाट जवळचा, पण छातीवर येणारा. गणेश घाट लांबचा, वळणं घेत जाणारा, पण चढ बेताचा. डोक्यावर ओझं असलेला माणूस गणेश घाटानंच जाईल. आयनाचंही असंच असतं. एका जागेवरून शेजारच्या रिकाम्या जागेत जाताना त्याला अणूंच्या मधल्या खिंडीतून जावं लागतं, आणि त्या खिंडीला एक चढ असतो. हा चढ इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. आयन आपल्या जागी सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा थरथरतो. प्रत्येक थरथर म्हणजे खिंड ओलांडण्याचा एक प्रयत्न समजा. चढ अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा वर असेल, तर नेहमीच्या तापमानाला एवढ्या प्रयत्नांतून सेकंदाला काही हजारच सफल होतात. चढ आणखी फक्त ०.०६ नं वाढला, तर काही हजारांचे काही शेच होतात! इतक्या लहान फरकावर बॅटरी लवकर भरणार की रखडणार, हे ठरतं.

पण ही खिंड बघायची कशी? आयन इतका लहान आणि त्याची उडी इतकी जलद, की ती उडी डोळ्यांनी पाहण्याचं साधन नाही. इथं संगणक मदतीला येतो. अणूंमध्ये आकर्षण किती, प्रतिकर्षण किती, याचे नियम ठाऊक आहेत. ते संगणकाला द्यायचे, स्फटिकाची रचना द्यायची, एक आयन उचलायचा, आणि "याला इथून तिथं न्यायला कमीत कमी किती चढ चढावा लागेल?" असं विचारायचं. १९३८ मध्ये मॉट आणि लिटलटन या दोघांनी असा हिशेब हातानं करायची रीत घालून दिली होती. एका दोषाभोवतीचे अणू कसे सरकतात, हे ते कागदावर काढत. आज तोच हिशेब संगणक शेकडो अणूंसाठी करतो.

दुसरी रीत अणूंना प्रत्यक्ष नाचवून बघण्याची. तिचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या शेजारचं आहे. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान अमेरिकेत शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत काम करत. १९६४ मध्ये त्यांनी ८६४ अणूंचा द्रव आरगॉन संगणकात 'वाहवून' दाखवला. पुढे १९७८ मध्ये प्रिया वशिष्ठ यांच्याबरोबर त्यांनी सिल्व्हर आयोडाइड या घन पदार्थात चांदीचे आयन कसे धावतात, त्याचं चित्र संगणकात उभं केलं. या पद्धतीत वेळेचं एक पाऊल असतं साधारण एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाचा दहा लाखावा भाग. म्हणजे एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात काय घडलं हे पाहायला संगणकाला दहा लाख पावलं टाकावी लागतात. म्हणून महासंगणक लागतो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तेव्हा आपण सगळे अभिमानानं ती बातमी वाचत होतो. त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसला.

या हिशेबानं नेमकं काय हाती लागतं, याचं एक उदाहरण सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेत जॉन गुडइनफ आणि त्यांचे भारतीय सहकारी पाढी व नंजुंडस्वामी यांनी एक नवा पदार्थ पुढं आणला: लिथियम आयर्न फॉस्फेट. याआधीच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट होतं; ते महाग आणि दुर्मीळ. इथं लोखंड आणि फॉस्फरस. स्वस्त, आणि तापलं तरी आतला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारं, म्हणून अधिक सुरक्षित. गुडइनफ यांना पुढं २०१९ चं नोबेल मिळालं. पण पदार्थात एक खोड होती. तो वीज फार हळू घ्यायचा आणि हळू द्यायचा. का?

२००४ मध्ये अमेरिकेत सेडर आणि सहकाऱ्यांनी आणि २००५ मध्ये इंग्लंडमध्ये सैफुल इस्लाम आणि सहकाऱ्यांनी संगणकाला हा प्रश्न विचारला. पद्धती वेगळ्या, चढाचे आकडेही वेगळे आले. पण वाट एकच निघाली. या स्फटिकात लिथियमला तिन्ही दिशा मोकळ्या नाहीत. एकाच दिशेनं जाणारे अरुंद बोगदे आहेत. इस्लाम यांच्या हिशेबात बोगद्यातला चढ सुमारे ०.५५, तर इतर दिशांना दोनच्याही वर. म्हणजे बोगदा सोडून जाण्याची शक्यता इतकी कमी, की एकावर तीसपेक्षा जास्त शून्यं दिली तर तेवढ्यात एखादा. शिवाय बोगद्यातही लिथियम सरळ जात नाही, वळण घेत जातो. गणेश घाटच म्हणा ना. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, जपानमधल्या यामादा आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या पदार्थावर न्यूट्रॉनचा मारा करून लिथियमची वाट टिपली. ती तशीच वळणाची निघाली! कागदावर आधी काढलेला रस्ता नंतर जमिनीवर सापडावा, तसं ते झालं.

इस्लाम यांच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट पुढं आली होती. या पदार्थात सगळ्यात सहज होणारा दोष कुठला? तर लिथियम आणि लोखंड यांची जागांची अदलाबदल. लोखंडाचा एखादा आयन चुकून लिथियमच्या बोगद्यात येऊन बसतो. तो जड आणि सुस्त, हलायचं नाव घेत नाही.

याचा अर्थ आम्हा नेरळकडच्या माणसांना वेगळा सांगायला नको. १९०७ पासून धावणारी आमची माथेरानची गाडी दोन फुटांच्या एकेरी रुळावर चालते. २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि २००७ पर्यंत गाडी बंद राहिली. दुसरी वाटच नाही, तर वळसा घालून जाणार कुठून? समजा त्या एकेरी मार्गावर एके ठिकाणी दरड कोसळली, तर अलीकडची गाडी नेरळला आणि पलीकडची माथेरानला परत तरी जाईल. पण दोन ठिकाणी कोसळली, तर मधली गाडी अडकलीच.

आता जरा हिशेब करू. या बोगद्यात लिथियमच्या जागा सुमारे ०.३ नॅनोमीटर अंतरावर असतात. कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असेल, तर एका बोगद्यात सुमारे ३,३०० जागा. हजारात एक जागा लोखंडानं अडवली असं धरलं, तर प्रत्येक बोगद्यात सरासरी तीन दरडी! मधलं सगळं लिथियम कैदेत. तोच कण वीसपट लहान केला, तर बोगद्यात जागा १६०-१६५, आणि साधारण सहा बोगद्यांत मिळून एक दरड. ती असली तरी दोन्ही टोकं उघडी. कण बारीक केल्यावर हा पदार्थ जलद का चालू लागला, याचं एक कारण इथं आहे. २०१० मध्ये राहुल मलिक, सेडर आणि सहकाऱ्यांनी हे गणित रीतसर मांडलं. दळण बारीक करावं, त्याला कार्बनचा लेप द्यावा, भट्टीचं तापमान सांभाळावं म्हणजे लोखंड आपल्या जागी राहील, ही कारखान्यातली शहाणपणं. ती का चालतात, हे संगणकानं सांगितलं.

आपल्याकडेही हे काम होतं. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले प्रभातश्री गोयल, रंजन मित्तल, चपलोत आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये याच लोखंडाच्या आणि त्याच्या मँगेनीजच्या भावंडाच्या फॉस्फेटवर अभ्यास प्रसिद्ध केला. स्फटिक कसा थरथरतो हे त्यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्यानं मोजलं, तीच थरथर संगणकात काढली, आणि तिचा लिथियमच्या सरकण्याशी काय संबंध आहे ते तपासलं. मला यातली शिस्त महत्त्वाची वाटते. नुसता हिशेब करून थांबायचं नाही. मोजमापाशी ताडून पाहायचा. संगणक आपण विचारू त्याचंच उत्तर देतो. अणूंमधले नियम चुकीचे दिले, तर तो मोठ्या थाटात चुकीची वाट दाखवील. शिवाय तो दोनचारशे अणू बघतो, आणि कंदिलातल्या बॅटरीत ते मोजायला एकावर बावीस-तेवीस शून्यं लागतील.

मग मामांच्या कंदिलात काय झालं असेल? मी तो फोडून तपासला नाही, पण अशा बॅटऱ्यांचं सहसा काय होतं ते ठाऊक आहे. पहिली गोष्ट ग्रॅफाइटच्या बाजूला घडते. तिथं पहिल्या दिवसापासून एक पातळ पापुद्रा धरतो. तो लागतोही, कारण तो आतलं रसायन सांभाळतो. पण प्रत्येक फेरीत थोडं लिथियम त्या पापुद्र्यात अडकतं, आणि बॅटरी तापली की जास्त अडकतं. आमचे कंदील तर दिवसभर पत्र्याच्या छपरावर तापत पडलेले असत! दुसरी गोष्ट धन बाजूला. जितकं लिथियम परत येत नाही, तितक्या जागा तिथं कायमच्या रिकाम्या राहतात, आणि पदार्थ आयर्न फॉस्फेटचा असेल तर त्यांतल्या काही जागांवर लोखंड येऊन बसतं. म्हणजे ज्या रिकाम्या जागेमुळे वाट मिळते, तीच फार काळ रिकामी राहिली तर वाट बुजते.

म्हणून मामांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. वजन तेवढंच, कारण आतलं लिथियम कुठंही गेलेलं नाही. ते आतच आहे, पण अडकलेलं आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर माथेरानच्या चढावर आहे. तिथं मोटारीला बंदी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं हातानं रिक्षा ओढत आली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसानं माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असा आदेश दिला. ज्याच्या खांद्यावरून ओझं उतरलं, त्याची रोजची भाकरी आता एका बॅटरीवर अवलंबून राहणार. भरल्या गाडीनं चढ चढताना आयनांना झपाट्यानं सरकावं लागतं. ती बॅटरी तीन वर्षांत दमली तर नवी घ्यायला पैसे कुठून येणार? माझ्या मते बॅटरीच्या आतली वाट हा त्या माणसाच्या घरखर्चाचाही प्रश्न आहे.

आणि लिथियम आपल्याकडे आयात होतं. म्हणून सोडियमकडे लक्ष आहे. सोडियम मिठात असतं, आणि मिठागरं रायगडकरांना नवी नाहीत. पुण्यात आयसरमधले सतीशचंद्र ओगले आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान विकसित केलं. ते डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. पण लिथियमच्या जागी सोडियम घातलं की काम झालं, असं नसतं. सोडियमचा आयन आकारानं मोठा. आयर्न फॉस्फेटच्याच पाककृतीत सोडियम घातलं, तर स्फटिक सहसा वेगळाच घडतो. त्यात सोडियम आणि लोखंड यांनी एकमेकांच्या जागा घेतलेल्या असतात आणि बोगदा बंद! त्यामुळे वेगळ्या रचना शोधाव्या लागतात. प्रत्येक रचना भट्टीत करून बघायची तर जन्म पुरणार नाही. आधी संगणकात वाट आहे का ते बघावं, आणि वाट दिसेल तोच पदार्थ भट्टीत घालावा, हे शहाणपणाचं.

गेल्या पावसाळ्याआधी मी वाडीवर गेले होते. मामांना हे सगळं लोकलचा डबा, घाट आणि माथेरानची गाडी यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अडकलंय. मग अडकलेलं सोडवता येतं का?"

या वेळी मात्र माझ्याकडे उत्तर होतं. २०२० मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरून थकलेलं आयर्न फॉस्फेट लिथियमच्या क्षाराच्या आणि सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबात असतं त्या आम्लाच्या, द्रावणात गरम केलं आणि मग भट्टीत तापवलं. रिकाम्या जागा लिथियमनं पुन्हा भरल्या, भलतीकडे बसलेलं लोखंड आपल्या जागी परत गेलं, आणि पदार्थ जवळजवळ नव्यासारखा चालू लागला. कुठला दोष आहे आणि तो कुठं आहे हे आधी कळलं होतं, म्हणूनच हा इलाज नेमका करता आला. अर्थात प्रयोगशाळेतून हे वाडीपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर आम्ही एक साधी गोष्ट केली आहे. नव्या कंदिलांची पाटी तेवढी छपरावर, आणि बॅटरीचा डबा वायर सोडून घरात सावलीत. हे आधीच सुचायला हवं होतं.